पेशीतली पाणचक्की

मराठीत भुकेची भाषा विस्तवाची आहे. पोटात आगीचा डोंब उसळतो, चार घास गेले की तो शमतो, अन्न पचेनासे झाले की जठराग्नी मंद झाला असे म्हणतात. अन्नाला आहुती आणि पोटातल्या अग्नीला वैश्वानर म्हणणारी परंपरा याच कल्पनेवर उभी आहे. शाळेतले विज्ञान शिकून आपण यापासून फार लांब आलो असे वाटते, पण तिथेही अन्न म्हणजे इंधन आणि श्वसन म्हणजे मंद ज्वलन हेच मनावर ठसते. ग्लुकोज अधिक ऑक्सिजन, बरोबर कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि ऊर्जा. समीकरण बिनचूक आहे. पाणी मुरते ते त्यातल्या शेवटच्या शब्दापाशी. बाकीची चार नावे पदार्थांची आहेत. त्यांचे वजन करता येते, ते बाटलीत भरता येतात. 'ऊर्जा' हा शब्द मात्र नुसता लिहून ठेवलेला असतो, आणि ती कोणत्या रूपात सुटली, कोणाच्या हाती लागली, हे न सांगताच धडा पुढे सरकतो. पेशीय श्वसनावरच्या या पुस्तकाचा सगळा खटाटोप त्या एका शब्दासाठी आहे. माझे म्हणणे असे, की चुलीची उपमा जमाखर्चापुरती खरी आहे, पण काम कसे होते ते सांगायला निरुपयोगी आहे. पेशी अन्नाच्या बळावर एका पातळ पडद्यापलीकडे साठा चढवते, आणि तो साठा खाली येताना त्याच्याकडून एक चक्र फिरवून घेते. ती चुलीपेक्षा पाणचक्कीच्या जवळची आहे.

चुलीची बाजू लेचीपेची नाही, म्हणून ती आधी नीट मांडायला हवी. १७८० च्या दशकाच्या आरंभी पॅरिसमध्ये आंत्वान लव्हाझिए आणि पिएर-सिमाँ लाप्लास यांनी बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवला आणि त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळला ते मोजले. तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणारा कोळसा जाळला तर किती बर्फ वितळेल, याच्याशी त्यांनी ते ताडून पाहिले. आकडे तंतोतंत जुळले नाहीत, प्राण्याचा थोडा जास्त भरला, पण ते इतके जवळ होते की श्वसन हे ज्वलनच आहे, फक्त अतिशय संथ, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढच्या शतकात मोजमाप जसजसे काटेकोर झाले तसतशी ही जुळणी पक्कीच होत गेली. १८० ग्रॅम ग्लुकोज भट्टीत जाळा किंवा शरीरात वापरा, हिशेब सुमारे २८०० किलोज्यूलचाच लागतो. मग हरकत कशाला? हरकत यासाठी, की आरंभ आणि शेवट सारखे असले की बेरीज सारखीच येणार, मधली वाट कोणतीही असो. घाटमाथ्यावरून कोकणात कोणत्याही घाटाने उतरलो तरी उंची तेवढीच कमी होते. त्या आकड्यावरून घाट कोणता ते ओळखता येत नाही. लव्हाझिए यांनी उतार मोजला. वाट त्यांना दिसलेली नव्हती, आणि त्या काळात दिसणे शक्यही नव्हते.

आणि वाट चुलीची असूच शकत नाही, हे साध्या हिशेबाने दाखवता येते. उष्णतेकडून काम करून घ्यायचे तर एक टोक गरम आणि दुसरे गार लागते. दोन्हींत जितका फरक तितके काम. आपले स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा २० ते २५ टक्के भाग प्रत्यक्ष कामात उतरवतात. उष्णतेवर चालणाऱ्या एखाद्या निर्दोष इंजिनाला पाव हिस्सा साधायचा तर, गार टोक शरीराच्या ३७ अंशांवर धरून, गरम टोक १४० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे लागेल. त्याच्या कितीतरी आधीच स्नायूतली प्रथिने उकडलेल्या अंड्यासारखी घट्ट होतील. शिवाय पेशी इतकी लहान असते की तिच्या एका कोपऱ्यात उष्णता कोंडून ठेवताच येत नाही. ती तत्क्षणी सगळीकडे पसरते. ज्वलनाला 'मंद' हे विशेषण लावले म्हणून ही अडचण टळत नाही, कारण मंद आचेवरही हाती येते ती उष्णताच. एकदम न जाळता टप्प्याटप्प्याने जाळल्यामुळे ऊर्जा वापरता येते, असे पुष्कळ पुस्तके सांगतात, आणि ते अर्धेच उत्तर आहे. पायऱ्यांनी उतरले की धक्का कमी बसतो हे खरे, पण प्रत्येक पायरीवर झेलायला कोणी उभे नसेल तर उतरलेले सगळे वायाच जाणार. खरा प्रश्न झेलणाऱ्याचा आहे.

अन्नाचा सुरुवातीचा प्रवास इथे भरभर उरकतो, कारण पहिली प्रकरणे त्यालाच दिली आहेत. भाकरीतल्या पिष्टाचे आतड्यात ग्लुकोज होते, ते रक्तातून पेशीत येते, आणि पेशीद्रव्यात दहा टप्प्यांत एका ग्लुकोजचे दोन पायरुव्हेट होतात. पायरुव्हेट तंतुकणिकेत शिरते आणि हान्स क्रेब्ज यांनी १९३७ मध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूवर प्रयोग करून उलगडलेल्या चक्राला जुंपले जाते. हे चक्र रहाटगाडग्यासारखे आहे: प्रत्येक फेऱ्याला दोन कार्बन आत येतात, दोन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात, आणि पहिले गाडगे पुन्हा भरायला मोकळे होते. यात एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. ग्लुकोजचे सहाच्या सहा कार्बन निघून गेले तरी तोवर एटीपीचे, म्हणजे पेशीच्या रोजच्या खर्चाच्या नाण्याचे, निव्वळ चार रेणू पदरात पडलेले असतात. आणि श्वासाने आत घेतलेल्या ऑक्सिजनला अजून कोणी हातही लावलेला नसतो. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा ऑक्सिजन येतो अन्नातून आणि पाण्यातून. हवेतून घेतलेल्या ऑक्सिजनचे शेवटी पाणी होते. लाकूड जळते तेव्हा हवेतला ऑक्सिजन कार्बनला थेट जाऊन भिडतो. पेशीत त्या दोघांची गाठच पडत नाही. अन्नातून उपसून घेतलेले इलेक्ट्रॉन एनएडीसारख्या वाहकांवर चढलेले असतात, आणि ग्लुकोजची बहुतेक सारी पुंजी त्यांच्यासोबत असते.

हे इलेक्ट्रॉन पुढे कोणाच्या हाती जातात याची खूण केंब्रिजमध्ये डेव्हिड केलिन यांना डोळ्यांनी दिसली. यीस्ट कालवलेल्या पाण्यातून येणारा प्रकाश ते वर्णपटदर्शकातून पाहत होते. रंगांच्या पट्ट्यावर चार काळपट रेघा उमटल्या होत्या. त्यांनी नळी हवेसकट जोरात हलवली, रेघा गेल्या. नळी स्थिर ठेवली, थोड्याच वेळात यीस्टने पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवला, आणि रेघा होत्या तिथे परत उमटल्या. सायनाइड घातल्यावर नळी कितीही हलवली तरी रेघा हटेनात. म्हणजे पेशीत असे काही रंगद्रव्य होते जे एका हाताने इलेक्ट्रॉन घेत होते, दुसऱ्या हाताने ऑक्सिजनला देत होते, आणि सायनाइड तो दुसरा हातच धरून ठेवत होते. १९२५ मध्ये केलिन यांनी त्याला सायटोक्रोम असे नाव दिले. चार्ल्स मॅकमन नावाच्या डॉक्टरांनी याच रेघा चाळीस वर्षे आधी पाहून लिहून ठेवल्या होत्या, पण त्या काळच्या एका मातब्बर रसायनशास्त्रज्ञाने त्या उडवून लावल्या आणि विषय मागे पडला. केलिन यांनी त्यांचे श्रेय त्यांना दिले, हे मला आवर्जून नोंदवावेसे वाटते. हातोहात चाललेली ही साखळी तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात बसवलेली असते. तिच्यात इलेक्ट्रॉन पायरीपायरीने खाली येतो आणि तळाशी ऑक्सिजन त्याला ठेवून घेतो. ऑक्सिजनचे काम एवढेच, शेवटी उभे राहून जागा मोकळी करत राहण्याचे. पण तो नसला तर वरची सारी रांग जागच्या जागी थांबते, आणि श्वास कोंडला की काही मिनिटांत मेंदू मरू लागतो.

साखळी सापडली, दुसरे टोकही सापडले होते. १९२९ मध्ये जर्मनीत कार्ल लोहमान यांनी, आणि हार्वर्डमध्ये सायरस फिस्के व आंध्रातून तिथे गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्वतंत्रपणे, स्नायूतून एटीपी वेगळे केले. विश्रांतीत असलेल्या माणसालाही दिवसाला सुमारे ४० किलो एटीपी लागते, आणि अंगात एका वेळी असते ते जेमतेम १०० ग्रॅम. म्हणजे प्रत्येक रेणू दिवसातून शेकडो वेळा मोडतो आणि पुन्हा घडतो. (त्याच्या फॉस्फेट बंधात ऊर्जा 'भरलेली' असते, हे पाठ केलेले वाक्य विसरलेले बरे. बंध तोडायला ऊर्जा खर्चावी लागते. एटीपीची ताकद अशी, की पेशी त्याचे प्रमाण समतोलापासून फार दूर, वर उचलून धरते.) आता एका बाजूला इलेक्ट्रॉन उतरत होते आणि दुसऱ्या बाजूला एटीपी घडत होते, आणि दोघांना जोडणारा दुवा दिसत नव्हता. पेशीद्रव्यातले थोडे एटीपी बनते तेव्हा मध्ये फॉस्फेटचा एखादा जोमदार रेणू असतो, तसाच इथेही असणार असे गृहीत धरून जगातल्या उत्तमोत्तम प्रयोगशाळा त्याच्या मागे लागल्या. कागदावर त्याची चिन्हे ठरली, सूत्रे मांडली गेली. पण तो रेणू काही सापडला नाही. शिवाय एक विचित्र गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत होती: तंतुकणिकेचा पडदा फाटला, की ऑक्सिजन पूर्वीसारखाच संपत राही, आणि एटीपी मात्र बनायचे थांबे. दुवा हा रेणू असेल, तर पडदा फाटल्याने त्याचे काय बिघडावे?

१९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी उत्तर दिले की तो रेणू सापडत नाही कारण तो नाही. इलेक्ट्रॉन साखळीतून उतरताना प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे उघडे केंद्रक, पडद्याच्या आतून बाहेर उपसले जातात. बाहेर त्यांची गर्दी होते, आत तूट. पडदा त्यांना सहजी परत येऊ देत नाही. परत यायला एकच सोयीची वाट आहे, ती एटीपी घडवणाऱ्या विकरातून, आणि जाता जाता ते विकराला कामाला लावतात. जुन्या औरंगाबादेतली पाणचक्की ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चटकन कळेल: लांबच्या डोंगरातले पाणी खापरी नळांतून आणून उंचावर चढवायचे आणि तिथून पडताना त्याच्याकडून जाते फिरवून घ्यायचे. पाणी जळत नाही, पाण्याचे काही बदलत नाही. ते वर होते, खाली आले, एवढेच. पेशीतला साठाही असाच आहे. पडद्याची जाडी मिलिमीटरच्या एक लाखांशाहूनही कमी, आणि दोन बाजूंतला विद्युतदाब सुमारे दीडशे ते एकशे ऐंशी मिलिव्होल्ट. आकडा किरकोळ वाटतो, पण एवढ्या जाडीवर तो पसरवला की मीटरमागे ३ कोटी व्होल्टच्या घरात जातो. कोरड्या हवेतून ठिणगी उडायला याचा दहावा हिस्सा पुरतो.

इथे सावध वाचक म्हणेल, की एक उपमा काढून तिच्या जागी दुसरी बसवली, यात मिळवले काय? शंका रास्त आहे, आणि त्या काळच्या जाणत्यांनी मिचेल यांच्यावर याहून कडक टीका केली. पण चूल ही घडून गेलेल्याचे वर्णन करते. पाणचक्की पुढे काय घडेल ते सांगते. साठा हाच दुवा असेल, तर अन्न नको, ऑक्सिजन नको, साखळीही नको. कोणत्याही मार्गाने प्रोटॉनचा चढ तयार केला की एटीपी बनायला हवे. १९६६ मध्ये आंद्रे जागेनडॉर्फ आणि अर्नेस्ट उरिबे यांनी पालकाच्या पानांतली हरितलवके काढून ती आम्लात, पीएच ४ ला, मुरू दिली. आतबाहेर सगळीकडे सारखे आम्ल झाल्यावर त्यांनी ती एकदम पीएच ८ च्या द्रावणात टाकली, त्यात एडीपी आणि फॉस्फेट, म्हणजे एटीपी घडवायचा कच्चा माल होता. खोली अंधारी होती. हरितलवकाला प्रकाश मिळाला नव्हता, म्हणजे त्याचा नेहमीचा उद्योग बंदच होता. तरी एटीपी बनले. हा प्रयोग हरितलवकाचा, श्वसनाचा नव्हे, हेही कोणी म्हणेल, म्हणून १९७४ चा एफ्राइम रॅकर आणि वॉल्थर स्टोकेनियस यांचा प्रयोग पाहावा. त्यांनी मेदाचे सूक्ष्म फुगे केले, त्यांत खाऱ्या पाण्यातल्या एका सूक्ष्मजीवाचे प्रकाशावर प्रोटॉन उपसणारे प्रथिन बसवले, आणि शेजारी बैलाच्या हृदयातल्या तंतुकणिकांचे एटीपी घडवणारे विकर. या दोघांची सृष्टीत कधी गाठ पडलेली नाही. प्रकाश टाकला, एटीपी बनले. त्यांच्यात समान काही असेल तर एक पडदा आणि त्याच्या दोन बाजूंचा प्रोटॉनचा फरक. मला तरी याहून निर्णायक पुरावा माहीत नाही. १९७८ चे नोबेल पारितोषिक मिचेल यांना एकट्यांना मिळाले.

चक्र फिरते हेही शब्दशः खरे निघाले. त्या विकराच्या आत एक दांडा फिरत असला पाहिजे, असे पॉल बॉयर बरीच वर्षे मांडत होते आणि जॉन वॉकर यांनी त्याची घडण उलगडून त्याला बळ दिले होते. १९९७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी त्या दांड्याला ॲक्टिनचा एक चमकणारा धागा चिकटवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. एटीपी दिल्यावर धागा घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरू लागला. मिलिमीटरच्या एक लाखांशाएवढ्या यंत्राचा दांडा फिरताना दिसला.

आणखी एक आक्षेप मात्र सहजी बाजूला सारता येत नाही. आंबवणाऱ्या यीस्टला आणि दह्यातल्या जिवाणूंना ऑक्सिजन लागत नाही, त्यांना हवे ते एटीपी पेशीद्रव्यातल्या रसायनातूनच मिळते. एदुआर्द बुखनर यांनी १८९७ मध्ये यीस्ट चिरडून काढलेल्या रसातही साखरेची दारू होते हे दाखवले, म्हणजे त्याला अख्खी पेशीही लागत नाही, पडदा तर नाहीच. मग पडद्यावाचूनही जगता येते, आणि इतका डामडौल उगाच. उत्तराचा पहिला भाग आकड्यांचा आहे. एका ग्लुकोजमागे आंबवण्याने दोन एटीपी मिळतात, पूर्ण श्वसनाने तीस ते बत्तीस. हवा मिळाली की यीस्ट साखर कमी खर्चते, हे पाश्चर यांनी बुखनर यांच्याही आधी पाहिले होते. पंधरा पट मिळकत होऊ लागल्यावर खर्च कमी होणारच. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. विरजणातले जिवाणू श्वसन करत नाहीत, तरी त्यांच्या पडद्यात तेच चक्र असते. फक्त ते हे चक्र उलटे फिरवतात. कष्टाने मिळवलेल्या दोन एटीपींतला काही भाग खर्चून ते प्रोटॉन बाहेर ढकलतात, कारण दूध जसे आंबत जाते तसे आम्ल पेशीत घुसू पाहते, आणि बाहेरचे काही पदार्थ आत ओढायलाही हाच चढ लागतो. एटीपी ज्याच्या गाठीला मोजकेच आहे तोही साठा राखायला त्यातले देऊन बसतो. म्हणजे साठा हा केवळ एटीपी बनवण्याचा मधला टप्पा नाही. जिवंत पेशीला तो स्वतःच हवा असतो.

पाणचक्कीलाही मर्यादा आहेत, आणि त्या झाकल्या तर या पुस्तकाची बाजू लंगडी पडेल. पाण्याला खाली खेचते ती उंची; प्रोटॉनला खेचण्यात गर्दीपेक्षा विद्युतदाबाचा वाटा मोठा, निदान आपल्या तंतुकणिकांत. मिचेल यांचे मूळ सूत्र टिकले, पण प्रोटॉन विकरात नेमके काय करतात याबद्दलचा त्यांचा तपशील चुकला. तिथे बॉयर बरोबर ठरले. जुन्या पुस्तकांतला ३६ किंवा ३८ एटीपींचा आकडा मात्र अजूनही मुलांकडून घोकून घेतला जातो, त्याचे वाईट वाटते, कारण तो आकडा मागच्या शोधकथेचाच अवशेष आहे. दुवा रेणू असता, तर एका वाहकामागे पूर्णांक संख्येने एटीपी मिळाले असते, म्हणून तीन धरले होते. साठ्याचे गणित तसे नसते. एनएडीवरून आलेल्या इलेक्ट्रॉनच्या जोडीमागे दहा प्रोटॉन उपसले जातात, एक एटीपी घडवून कामाच्या जागी पोचवायला साधारण चार लागतात, म्हणून अडीच. अर्धे एटीपी कधी बनत नाही, पण साठ्यात सुटी भर घालता येते आणि बंदा रुपया झाला की काढता येतो. हीच या व्यवस्थेची खुबी आहे. एका एटीपीला पुरणार नाही इतकी लहान पायरीही वाया जात नाही. तिच्या बळावर एखाददुसरा प्रोटॉन तरी पलीकडे जातो.

चूल आणि पाणचक्की यांच्यातला फरक माणसांच्या जिवावर बेतूनही कळला आहे. डायनायट्रोफिनॉल हे पिवळे रसायन पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये दारूगोळ्यासाठी वापरले जाई, आणि ते अंगात गेलेले कामगार तापाने फणफणून दगावत. १९३३ पासून अमेरिकेत तेच वजन उतरवण्याचे औषध म्हणून खपले, पाच वर्षांनी ते तिथे माणसांसाठी बंद करावे लागले. त्याची करणी अशी, की ते पडद्यात विरघळते आणि प्रोटॉन खांद्यावर घेऊन चक्राला वळसा घालून आत नेऊन सोडते. साठा गळू लागतो, साखळी जोराने धावते, ऑक्सिजन भराभर संपतो, अन्न खर्ची पडते, आणि एटीपी घटते. सुटलेली सगळी ऊर्जा उष्णता होते. म्हणजे श्वसन खरोखर ज्वलन झाले की माणूस मरतो.

आणि तरीही शरीरात अशी एक जागा आहे जिथे हीच गळती मुद्दाम, बेताने केली जाते. नवजात बाळाला थंडीने कुडकुडता येत नाही. त्याच्या दोन खवाट्यांच्या मध्ये आणि मानेभोवती तपकिरी चरबीचा थर असतो. तंतुकणिकांच्या दाटीमुळे तिला तो रंग आलेला असतो. तिच्या पडद्यात एक जादा प्रथिन असते, बाळाला गारठा लागला की उघडणारा एक सांडवा. प्रोटॉन चक्राकडे न जाता त्यातून आत येतात आणि त्या जागी ऊब तयार होते. न्हाऊ घालून दुपट्यात गुंडाळलेले बाळ पाठीकडून उबदार लागते ते काही अंशी यामुळे. जठराग्नीचे नाव द्यायचेच असेल तर ते या जागेला शोभेल. ती पोटात नाही, पाठीवर आहे, आणि शेवटच्या प्रकरणाचा विषय तीच आहे.